सव्वा महिना कुणाचा?

ऐन दिवाळीच्या अंकात, चकली-चिवड्याच्या बशीशेजारी उघडून ठेवायच्या अंकात, हा कसला विषय काढला असे म्हणून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत बापडे. मी दिवाळीचाच मुहूर्त मुद्दाम धरला आहे, आणि का धरला ते पुढे कळेलच. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले आणि शरीराविषयी उघड लिहिल्याबद्दल त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याला आता शंभर वर्षे होत आली. आज कोर्टात कोणी खेचत नाही. पण आमच्या घरांतून तो एक शब्द यायची वेळ आली की बोलणारीचा आवाज अजून खाली जातो. "तिची पिशवी काढली म्हणे." बस्स. यापुढे कोणी विचारायचे नसते आणि जिची काढली तिने सांगायचे नसते.

मी सांगणार आहे. मी काही विदुषी नव्हे. शिक्षण दहावीपर्यंत, माझे वडील अखेरपर्यंत 'आमची मुलगी मॅट्रिक झाली' असेच म्हणत. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावी मी बालवर्गाला शिकवते आणि रात्री घर निजले म्हणजे कादंबऱ्या लिहिते. वैद्यकीतले मला कळत नाही. पण गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी माझे गर्भाशय काढले, तेव्हापासून जे भोगले आणि पाहिले तेवढ्यापुरता अधिकार मला आहे.

ऑपरेशन जरूर होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, बाई डॉक्टरांच्या विरुद्ध लिहिते. गाठी होत्या, दोन वर्षे औषधे झाली, रक्त इतके जात होते की फळ्यावर 'क' काढता काढता डोळ्यांपुढे अंधारी येई. अशा बाईला त्या शस्त्रक्रियेने जीवदान मिळते, मलाही मिळाले. माझे भांडण शस्त्रक्रियेशी नाही. माझे भांडण आहे ते दुसऱ्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवसापासून माणसे भेटायला येऊ लागली आणि येणारी प्रत्येक बाई माझे अभिनंदन करू लागली! "सुटलीस बाई," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आता सणावाराची अडचण नाही." तिसरी आमच्या नात्यातली, वयाने मोठी, देवभोळी. ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं. आता बाराही महिने देवाचं करायला मोकळी." सलाइनची सुई टोचलेल्या हातावर तो हात होता. तिच्या मनात प्रेमच होते, याविषयी मला संशय नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती टाक्यांच्या दुखण्याने नव्हे. माझ्या पोटातून काय गेले ते या बायका मला सांगून गेल्या होत्या. माझ्या हिशेबी एक अवयव गेला होता. त्यांच्या हिशेबी माझे महिन्याचे चार दिवस गेले होते. म्हणजे माझ्या सुट्ट्या.

विटाळाचा तो चार दिवसांचा नियम मला कधीच पटला नव्हता. कोपऱ्यात बसवून वरून पाणी वाढणे हा बाईचा अपमानच आहे. परंतु त्या अपमानाच्या आडोशाला बाईची पाठ टेकत होती, हेही खरेच. शिवाशिव गेली ते ठीक झाले, पण तिच्या जागी विसावा कोणी दिला नाही. आणि पिशवी काढलेली बाई म्हणजे तर कायमची सोवळी, कायमची हाताशी. घराला बिनखाड्याची स्वयंपाकीण मिळाली!

खाडा हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. आमच्या बीड जिल्ह्यात तो कसा वापरतात ते सांगते. ऊस तोडायला जाणारी नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या पुढेमागे बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये संसार घालून साखर कारखान्यांच्या मुलखात जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ती उचल फेडायची. एक दिवस काम चुकले की तो खाडा, त्याचा दंड कोयत्याच्या नावावर. उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी. तिथे बाईच्या त्या चार दिवसांचे काय करायचे? मग कोणी सांगते, पिशवी काढून टाक, कायमची कटकट जाईल. कुठे मुकादम सांगतो, कुठे शेजारीण, कुठे कॅन्सरची भीती घालून दवाखान्यातलाच कोणी.

२०१९ साली याचा बोभाटा झाला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली निघाली. शंभरात सोळा! १५ ते ४९ वयाच्या बायकांची देशभरची पाहणी २०१५-१६ साली झाली होती, तिच्यात हेच प्रमाण शंभरात तीनच्या जरासे वर होते. पुढे खासगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून हे ऑपरेशन करू नये असा नियम जिल्ह्यात आला. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. नियम झाले ते चांगले झाले. पण नियम ऑपरेशनच्या दारापर्यंत बाईची सोबत करतो. दवाखान्यातून ती घरी आली की तिथे तिची सोबत कोणी करायची?

त्या वर्षी आमच्या घरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. मीच वाचत असे, आवाज चांगला म्हणून. ऊसतोड बायकांच्या बातम्या मी वाचायची, मामंजी "काय हा जमाना" म्हणायचे, आत्याबाई पदराने डोळे टिपायच्या. आणि त्याच भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या दिवशी, माझ्या थोरल्या जाऊबाई पाट्यावर पुरण वाटत होत्या. त्यांची पिशवी काढून त्या दिवशी बारावा दिवस होता.

वाचकहो, इथे मी जरा थांबते, कारण पुढचे वाक्य लिहायला मला सहा वर्षे लागली. मी त्यांना पाहत होते. मी भाज्या चिरत होते, सोळा भाज्यांचे काम माझ्याकडे, पुरणाचे त्यांच्याकडे, अशी वाटणी लग्न होऊन आल्यापासून ठरलेली होती. त्या मधूनच थांबून पोटाखाली हात धरत होत्या. मला वाटले, टाके तर निघाले आहेत. मला वाटले, पुरण मी घेतले तर भाज्या कोण करील? अगदी खरे सांगायचे तर मला असेही वाटले की माझ्या दुसऱ्या बाळंतपणात त्यांनी तरी माझे काय केले होते? पुढे वर्षभरात त्यांच्या टाक्याच्या जागी आतडे बाहेर येऊ लागले. हर्निया. पुन्हा पोट उघडावे लागले. पुरणानेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मला ठाऊकही नाही. पण तेव्हापासून महालक्ष्म्यांचे पुरण माझ्या घशाखाली सुखाने उतरलेले नाही.

टाके निघाले म्हणजे बाई बरी झाली, हा आपल्या घराघरांतला वेदमंत्र आहे. तो खोटा आहे. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते. आतले थर, जिथून अवयव कापून काढला तिथली शिवण, जुळायला महिना-दीड महिना घेते. पोट उघडून ऑपरेशन केले असेल तर सहा ते आठ आठवडे. दुर्बिणीतून किंवा खालच्या वाटेने केले असेल तर काहीसे लवकर. तेवढ्या दिवसांत जड उचलायचे नाही, आणि जड म्हणजे काय ते घरातल्या पुरुषांना कळावे म्हणून लिहिते: भरलेली कळशी जड आहे. ओल्या चादरींची बादली जड आहे. कणकेचा मोठा डबा फळीवरून काढणे, तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेणे, हे सगळे जड आहे. गॅसच्या सिलिंडरचे तर नावच नको. त्यात गॅसच चौदा किलो असतो आणि टाकीचे वजन वेगळे. निजूनही राहायचे नाही. रोज थोडे थोडे चालायचे, नाहीतर पायात रक्ताची गाठ धरण्याचे भय असते. पोट साफ राहील असे खायचे, कुंथायचे नाही. ताप आला, घाण वासाचा स्राव किंवा जास्त रक्त गेले, एकच पाय सुजून दुखू लागला, तर 'उद्या बघू' म्हणायचे नाही. आणि नवरा-बायकोने सहा-आठ आठवडे, डॉक्टर सांगतील तोवर, वेगळे निजायचे. कुटुंबात वाचायच्या अंकात एवढे पुरे. ज्याला कळायचे त्याला कळेल.

आणखी एक गोष्ट, जी मला विचारायचे सुचले नव्हते. गर्भाशयाबरोबर अंडाशय काढले की ठेवले? आमच्याकडच्या दहा बायकांना विचारा, नऊजणींना सांगता येणार नाही. कागद इंग्रजीत आणि कागद नवऱ्याच्या खिशात. अंडाशय ठेवले असतील तर पाळी थांबते, पण शरीराचे बाकीचे चक्र पुष्कळसे चालू राहते. दोन्ही काढले असतील तर जे पालटायला एरवी वर्षे लागतात ते एका दिवसात पालटते. अंगातून वाफा निघतात, घामाने पोलके भिजते, झोप उडते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. पुढे हाडे ठिसूळ होतात. त्याला उपाय आहेत, पण डॉक्टरांना विचारले तर! तिशीतल्या बाईला हे होते आणि घर म्हणते, "ऑपरेशनपासून हिचं डोकं फिरलंय." डोके फिरलेले नसते. तिच्या शरीरातून काय गेले ते तिला कोणी सांगितलेले नसते.

मला तर दाखवलेही नाही. माझे गर्भाशय स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर आणले आणि नातेवाइकांना दाखवले; तशी पद्धत आहे म्हणे. ह्यांनी पाहिले, दिरांनी पाहिले, ऐनवेळी डबा घेऊन आलेल्या भाच्यानेही पाहिले. शुद्धीवर आल्यावर मी ह्यांना विचारले, "कशी होती?" हे म्हणाले, "मोठ्या पेरूएवढी." मग जरा वेळाने म्हणाले, "कशाला विचारतेस?" कशाला म्हणजे? माझी दोन्ही मुले ज्या घरात नऊ-नऊ महिने राहिली ते घर सगळ्यांनी पाहिले आणि मालकिणीने पाहिले नाही. नवव्या दिवशी मी त्यासाठी रडले. मला आणखी मूल नको होते, सत्तेचाळीस वर्षांची मी, थोरला मुलगा नोकरीला लागलेला. तरी रडले. ज्याची गरज उरली नाही त्याचेही माणसाला दुःख होते; जुने घर विकताना पुरुष रडलेले मी पाहिले आहेत, त्यांना कोणी म्हणत नाही की सुटलास.

आता बाळंतिणीचे पाहा. तिला सव्वा महिना. बाज, शेगडी, शेक, अंगाला तेल, पोटाला पट्टा, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, खारीक-खोबरे. विटाळाच्या नावाने का होईना, पण तिला चुलीपासून दूर ठेवायचे शहाणपण आमच्या आज्या-पणज्यांना होते. त्यांना कळत होते की बाईचे शरीर फाटले आहे आणि ते सांधायला इतके इतके दिवस लागतात. मग तेच शरीर डॉक्टरने कापले म्हणजे ते शहाणपण कुठे जाते? माझे उत्तर कटू आहे, पण मी ते देणार. तो सव्वा महिना बाईचा कधीच नव्हता. तो मुलाचा होता. दूध यावे म्हणून खीर, पान्हा राहावा म्हणून लाडू. भांड्यातले जपायचे म्हणून आपण भांडे जपले. पिशवी काढलेल्या बाईच्या मांडीवर कोणी नसते, तेव्हा तिच्यासाठी डिंक कोण तळणार?

सरकारचेही काहीसे तसेच. २०१७ साली बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, आणि आनंदच झाला. केरळात मात्र सरकारी नोकर बायकांना या ऑपरेशनसाठी पंचेचाळीस दिवसांची खास रजा सेवेच्या नियमांतच दिलेली आहे. आपल्या सव्वा महिन्याहून थोडी जास्तच! म्हणजे कागदावर हे दिवस मोजता येतात. पण ज्या बाईची नोकरी चुलीपाशी आहे तिला रजा कोणी द्यायची? आणि जी कोयता आहे तिला?

मला उत्तरे ठाऊक आहेत. "आम्ही आठव्या दिवशी भाकऱ्या थापल्या, आम्हाला काही झालं नाही." हे मला पुरुषांनी नव्हे, बायकांनी सुनावले आहे, आणि अभिमानाने. बायांनो, तुम्ही थापल्यात कारण कोणी परात हातातून घेतली नाही. त्याचा अभिमान कसला करता? आणि झाले नाही कसे? खोकताना लुगडे भिजते ते कुणाला सांगता तुम्ही? उंबऱ्यावर बसताना ओटीपोट हाताने धरता ते मी पाहत नाही का? सोसलेले सांगायची लाज, म्हणून न झालेले झाले! दुसरे उत्तर पुरुषांचे: "माणसं कुठून आणायची?" लग्नाला आणता तिथून आणा. नाहीतर वरणभात लावायला शिका. कुकरला बाईमाणूस ओळखू येत नाही.

आणि मी कादंबरी लिहिणारी तरी काय मोठी? माझ्या दोन नायिका बाळंतपणात मेल्या, एक क्षयाने झिजली, त्यांच्यासाठी मी पानेच्या पाने अश्रू खर्चले. पण माझ्या सगळ्या लिखाणात पिशवी काढलेली बाई एकही नाही. आमच्या गल्लीत पाच आहेत. मरणाऱ्या बाईवर लिहिणे सोपे असते. जगून पुन्हा स्वयंपाकाला लागणारीत काही कथानक आहे असे मला वाटलेच नव्हते.

दिवाळी आली तेव्हा माझा पंधरावा दिवस होता. फराळाला माणूस नव्हते असे नव्हे, पण अनारसे मीच करायचे असा घरात दंडक. मी उठले. हळूहळू जाऊन स्टुलावर बसले, कढई ठेवली, झारा घेतला. पहिला अनारसा तुपात सोडायच्या आत जाऊबाई आल्या. गॅस बंद केला. माझ्या हातातून झारा घेतला आणि म्हणाल्या, "ऊठ."

मी म्हटले, "बसूनच करतेय, जाऊबाई."

"मीही बसूनच वाटत होते," त्या म्हणाल्या. "तू भाज्या चिरत होतीस."

सहा वर्षांत त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पाहिले होते की मी पाहत होते. मला तोंड वर करवेना. त्यांनी मला काखेत धरून आत नेले, भिंतीकडे तोंड करून निजवले आणि दार ओढून घेतले. अनारसे त्यांना येत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या घरी अनारसे झाले नाहीत. मामंजींनी दोनदा विचारले. दुसऱ्या वेळी जाऊबाई स्वयंपाकघरातून एवढ्या मोठ्याने "नाहीत!" म्हणाल्या की तो विषय पुन्हा निघाला नाही. तुळशीचे लग्न मी खाटेवरून पाहिले. बेचाळीस दिवस पुरे झाले आणि मग मी कळशी उचलली, तीही अर्धी.

तेव्हाच, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या बालवर्गातल्या एका मुलीची आई घरी आली. त्यांची गाडी पहाटे निघायची होती. "पोरीचं नाव काढू नका बाई, आखाजीच्या आत येतो माघारी," एवढे सांगायला आली होती. दर दिवाळीनंतर माझा निम्मा वर्ग असा रिकामा होतो, मी नावे काढत नाही. ती उंबऱ्यापाशीच टेकली, आणि टेकताना तिने पोट धरले. मी ओळखले. विचारले, "कधी?" म्हणाली, "तुमच्या आधी आठ दिस." वय तिला सांगता येत नाही, मोठा मुलगा सहावीत आहे, त्यावरून तिशीच्या आतलीच. ऑपरेशनचा खर्च उचलीतून केला होता आणि उचल फेडायला फडावर जायचे होते. तिथे उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे असते.

माझ्या खाटेकडे, उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याकडे तिने पाहिले. तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, खरेच जाणून घ्यायचे होते.

"बाई, तुमी किती दिस अशा निजून राहनार?"

मी म्हटले, "डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत."

"मला बी त्यांनी तेच सांगितलं," ती म्हणाली. मग उठली, लुगडे झटकले. मी जाऊबाईंना हाक मारून डिंकाच्या लाडवांचा डबा मागवला. माझ्यासाठी केलेले, अजून निम्मे होते. सगळे तिच्या पदरात घातले. ती म्हणाली, "लाडू कशाला बाई, मी काय बाळंतीण हाय?"